डाव्या पायाची टिचकी

खोटं कशाला बोलू, मला माझी भावजय पहिल्या दिवसापासून आवडली नाही. कारण विचारलं असतंत तर तेव्हा पन्नास सांगितली असती. फार हळू बोलते. हसताना तोंडावर हात धरते. पाना वापरला की पुसून, जिथून घेतला तिथेच ठेवते आणि वर मला थँक्यू म्हणते, जणू मी दुकान मांडून बसलेय. खरं कारण एकच होतं. ती येईपर्यंत माझ्या भावाचा पाय काय म्हणतो हे जगात फक्त मला कळायचं.

भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. शर्यतीच्या गाड्या चालवतो. मी त्याच गाडीचे ब्रेक सांभाळते, अकरा वर्षं झाली. धाकट्याला गाडीच्या पोटात काय आहे याची काडीचीही माहिती नाही. बॉनेट उघडलं की तो तिकडे पाठ करून केळं खातो. पण त्याचा पाय! ब्रेकचा पॅड केसभर जास्त झिजला तरी त्याला तळव्यात कळतं. फक्त कळलेलं सांगता येत नाही. म्हणून पहिल्याच वर्षी आम्ही दोघांनी चार शब्द ठरवले होते. पॅड थंड असतील, पाय टेकतो पण ते चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला चावत नाहीत, म्हणजे धरत नाहीत, तर ‘दगड’. ब्रेकच्या तेलात हवा शिरली असेल तर ‘स्पंज’. पॅड इतके तापले की पाय घट्ट बसतो आणि गाडी मात्र थांबायचं नाव घेत नाही, तर ‘लाकूड’. आणि सगळं जमून आलं, जितकं दाबावं तितकंच थांबतंय, तर ‘लोणी’.

दर वेळी बाहेर पडण्याआधी तो गाडीत बसायचा, डोळे मिटून पेडल तीनदा दाबायचा. मी दाराशी गुडघे टेकून बसलेली असायचे. तो एक शब्द बोलायचा आणि मी कामाला लागायचे. माणसं बघत राहायची. एका टायरवाल्यानं तर विचारलं होतं, “तुम्ही दोघं काय मंत्र म्हणता का हो?”

मग ही आली. पॅड बनवणाऱ्या कारखान्यात चाचणीच्या यंत्रावर काम करायची. यंत्रावर डिस्क फिरवायची, पॅड दाबायचा, किती तापला, किती धरला, त्याचे आलेख काढायचे. धाकटा एकदा पॅड आणायला म्हणून तिकडे गेला आणि पॅडांबरोबर बायकोही ठरवून आला. लग्न झालं, आणि दोन महिन्यांत ती ट्रॅकच्या कडेला, गाडी दुरुस्त करायच्या आमच्या पिटमध्ये लॅपटॉप मांडून बसली. आमच्या संघाच्या मालकांना वाटलं, फुकटात शिकलेलं माणूस मिळालं. मला वाटलं, आयत्या बिळावर नागोबा.

“नवीन आहे ती, रुळेल,” धाकटा म्हणाला.

“मी पॅड रुळवते. माणसं नाही,” मी म्हटलं.

आणि पॅड मी खरंच छान रुळवते. नवा पॅड थेट शर्यतीला लावला तर तो घात करतो. आधी हलके ब्रेक, मग जरा जोरात, मग आणखी जोरात, म्हणजे पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा चढतो. मग दोघांनाही पूर्ण गार होऊ द्यायचं. घाई केली तर थर कुठे जाड, कुठे विरळ बसतो आणि पेडल थरथरायला लागतं. त्या डिस्कला मग दुसरा पॅड लावून पाहा, कितीही चांगला असला तरी जुळायचा नाही. हे मी तिला मुद्दाम ऐकवलं होतं. तिनं ते वहीत लिहून घेतलं. तिची एक निळी वही होती, सगळं त्यात लिहायची. टोमणासुद्धा लिहून घेणाऱ्या बाईचं काय करायचं, सांगा.

हळूहळू धाकटा तिच्या भाषेत बोलायला लागला. आणि एक सकाळ अशी आली की तो गाडीत बसला, डोळे मिटले, तीनदा पेडल दाबलं. मी दाराशी गुडघ्यांवर, कान त्याच्या तोंडाकडे. त्यानं डोळे उघडले, माझ्या डोक्यावरून पलीकडे बघितलं आणि बायकोला म्हणाला, “चाळीस बारला चावतंय.” बार म्हणजे तेलाच्या दाबाचं तिचं माप.

मी उठले. गुडघे झटकले. मला काही बोलायचंच नव्हतं, कुणी विचारलंही नाही. पण अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. आईनं केलेला घास तसाच ठेवून पोरानं शेजारणीकडे जाऊन जेवावं, तसं काहीतरी झालं.

त्याच दुपारी मी कामाच्या टेबलाशी जुन्या पॅडांची जाडी मोजत बसले होते. ती वही घेऊन आली. लॅपटॉप माझ्यापुढे वळवला.

“ताई, एक विचारू? ही बारीक टेकाडं कसली हो?”

पडद्यावर ब्रेकचा आलेख होता. प्रत्येक वळणाला एक मोठा डोंगर, आणि काही डोंगरांच्या जरा आधी, सरळ रस्त्यावर, एक इवलंसं टेकाड. बघता क्षणी ओळखलं मी. ती टिचकी होती.

आमच्या पहिल्या गाडीच्या चाकात जरा खेळ होता, चाक किंचित डुगडुगायचं. वळणाच्या कडेला तो रंगवलेला उंच कर्ब असतो ना, त्यावरून गाडी धडधडत गेली की चाक हलतं, चाकाबरोबर डिस्क हलते, आणि डिस्क दोन्ही बाजूंच्या पॅडांना मागे ढकलते. अगदी नखाएवढं. पण पुढच्या वळणाला पाय मारला की पेडल आधी तेवढं रिकामं जातं. ताशी दोनशेच्या वेगात ते रिकामं जाणं म्हणजे काय, हे सांगायला नको. म्हणून मी धाकट्याला शिकवलं होतं, कर्ब घेतलास की सरळ रस्ता संपता संपता डाव्या पायानं पेडलला टिचकी मार. पॅड पुन्हा डिस्कला येऊन टेकतात. “का?” असं त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. “मी सांगते म्हणून,” एवढं त्याला अकरा वर्षं पुरलं. गाड्या बदलल्या, चाकांची बेअरिंगं नवी आली, तरी धक्क्यानं पॅड थोडे मागे जातातच. टिचकी चालू राहिली.

हे तिला कळणं शक्य नव्हतं. ती यंत्रावर शिकलेली. यंत्राला कर्ब नसतो.

“सवय आहे त्याची,” मी म्हटलं. हातातलं मोजायचं साधन खाली ठेवलं नाही.

“म्हणजे कारण काही नाही?”

“सवयीला काय कारण लागतं? काही लोक नखं खातात.”

ती हसली, तोंडावर हात धरून. आणि वहीत लिहून घेतलं.

अर्धं खोटं होतं ते, म्हणून चटकन निघालं तोंडातून. सवय होतीच की! त्यानंतरचे तीन दिवस मी स्वतःला हेच सांगत होते. तिनं धाकट्याला दाखवलं की एका फेरीत अशा नऊ टिचक्या होतात, प्रत्येक टिचकीला गाडी जराशी अडते, आणि पहिल्या नंबरात नि आपल्यात फरक तेवढाच आहे. धाकट्यानं मान डोलावली. मी तिथेच उभी होते, तोंडात मिठाची गुळणी धरून. मनात म्हटलं, होऊ दे जरा फजिती. एखादं वळण चुकेल, गाडी जरा गवतात जाईल, आणि मग येईल, ‘ताई, असं का झालं गं?’ विचारत. मला एवढंच हवं होतं. त्यानं मला विचारावं.

सरावात काही झालं नाही, कारण सरावात तो कर्ब जपून घेत होता. क्रमांक ठरवायच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि तो पेटला. मी पिटच्या भिंतीशी हेडसेट लावून उभी होते, ती शेजारी लॅपटॉपवर. चौथ्या वळणाचा कर्ब त्यानं पूर्ण घेतला. लगेच त्याचा आवाज आला.

“ताई, पाय शिवशिवतोय. टिचकी मारू का?”

ताई म्हणाला हो तो! इतक्या दिवसांनी मला विचारलं होतं. एक शब्द बोलायचा होता, ‘मार.’ पण इतक्या दिवसांचं साठलं होतं, तेच आधी बाहेर आलं.

“मला काय विचारतोस? बायकोला विचार तुझ्या.”

ती दचकली. मग आलेखाकडे बघून म्हणाली, “तापमान ठीक आहे. नको मारूस.”

पाचव्या वळणाला पडद्यावर डोंगर उगवायला उशीर झाला. बस, एवढंच दिसलं. नंतर आवाज आला, टायरांच्या भिंतीत गाडी घुसल्याचा. तो आवाज मी कुणाला ऐकवणार नाही.

वाचला. मान लचकली, दोन बरगड्यांना मुका मार, पोटरीवर हातभर काळंनिळं. वैद्यकीय खोलीत त्याच्या गळ्याला पट्टा बांधला होता. मला बघून म्हणाला, “रिकामं गेलं गं. पहिल्यांदा रिकामं. दुसऱ्यांदा आलं, पण तोवर...” मी त्याचा हात धरला. माझा हात गार होता की त्याचा, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्यांना गाडीभोवती उभं केलं. गाडीचा पुढचा भाग राहिलाच नव्हता. मालक कमी बोलणारे. त्यांनी विचारलं, “ब्रेक कुणाचे?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“ब्रेक बरोबर होते,” भावजय म्हणाली. तोच हळू आवाज, पण त्या दिवशी सगळ्यांना ऐकू आला. “मी सगळा आलेख पुन्हा बघितला. कर्बनं पॅड मागे गेले होते. टिचकीनं ते जागेवर यायचे. टिचकी मी बंद करायला लावली. चूक माझी.”

एका रात्रीत तिनं ते शोधून काढलं होतं. एकटीनं.

मालक म्हणाले, “मग यापुढे तुम्ही पिटमध्ये नको.” तिनं मान हलवली, लॅपटॉप बंद केला, वायर गुंडाळली, आणि जिथून खुर्ची घेतली होती तिथे नेऊन ठेवली.

सुंठीवाचून खोकला गेला. खरं सांगते, पहिले दोन दिवस मला बरं वाटलं. हो, वाटलं! शेवटची शर्यत तीन आठवड्यांवर होती. गाडी पुन्हा उभी राहत होती, ब्रेक माझे, पाय माझ्या भावाचा, मधे कुणी नाही. धाकटा बायकोशी धड बोलत नाही, असंही कानावर आलं. तेही ऐकून घेतलं मी, कान टवकारून.

तिसऱ्या दिवशी टेबलाचा खण आवरताना तिची निळी वही सापडली. विसरून गेली होती. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळतं. मी वाचली.

आत तक्ता होता. एका बाजूला आमचे शब्द, दुसऱ्या बाजूला तिचे आकडे. वाचून आधी डोक्यात तिडीक गेली, की आमची भाषा हिनं रकान्यात कोंबली. मग नीट वाचलं. ‘लोणी: पस्तीस ते चाळीस बार. तो हा शब्द फक्त ताईंसमोर म्हणतो. माझ्यासमोर आकडा सांगतो, मला बरं वाटावं म्हणून.’ त्याखाली, ‘लाकूड: ताईंनी चाकाजवळ हात नेऊन ओळखलं, सेन्सरच्या आधी. कसं? शिकायचं.’ आणि शेवटची ओळ. ‘टिचकी: कारण नाही, सवय. ताईंना विचारून खात्री केली.’ तारीखसुद्धा घातली होती.

मी ती ओळ किती वेळा वाचली असेन. ही वही मालकांसमोर उघडली असती तर माझा निकाल लागला असता. तिनं उघडली नाही. चांगुलपणातही पुढे गेली माझ्या! त्याचाही राग आला मला, काय सांगू.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून त्याच्यासाठी सफरचंद चिरत होती. तो आतल्या खोलीत पडला होता. मी वही ओट्यावर आपटली.

“ही दाखवली का नाहीस?”

तिनं सुरी खाली ठेवली. “दाखवून काय झालं असतं? तुम्हाला काढलं असतं. मग ब्रेक कोण लावणार? तो तुमच्याशिवाय कुणाच्या ब्रेकवर पाय ठेवत नाही.”

“आणि मी सांगितलं होतं ते? सवय म्हणून?”

“त्यात तुमचा काय दोष?” ती म्हणाली. “तुम्हालाही माहीत नसेल.”

तिनं ते मनापासून म्हटलं. टोमणा काही नव्हता त्यात. मला फक्त मान खाली घालून ‘हो गं, नव्हतं माहीत’ म्हणायचं होतं आणि मी सुटले असते. अब्रू राहिली असती, भाऊ राहिला असता, सगळं राहिलं असतं. पण माहीत नसेल? मला? अकरा वर्षं त्या गाडीखाली पडून मी काय झोपा काढल्या?

“माहीत नसेल?” माझा आवाज चढला. “अगं, मीच शिकवली त्याला ती टिचकी! कर्ब कुठला, धक्का कसा बसतो, पॅड किती मागे जातो, सगळं मला तेव्हापासून माहीत आहे, तू शाळेत होतीस तेव्हापासून! मला माहीत नसेल म्हणे!”

बोलून झालं आणि मग मला ऐकू आलं मी काय बोलले ते.

ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागे बघत होती. वळून बघितलं तर दारात धाकटा. गळ्याला पट्टा, एक हात चौकटीला. मान वळत नव्हती त्याची, म्हणून तो अख्खाच माझ्याकडे वळला.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“मी विचारलं होतं. वळणाआधी.”

“हो.”

“मग?”

काय सांगणार? मी सांगितलं. “जळत होते रे. तुझा शब्द तू तिला सांगितलास, मला नाही. सकाळी, माझ्या डोक्यावरून. ते सहन झालं नाही.” चाळीशी उलटलेल्या बाईच्या तोंडून ऐकायला ते किती हलकं वाटलं म्हणून सांगू! त्या एवढ्याशासाठी मी त्याला भिंतीत घातला होता.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं चौकटीवरचा हात काढला. मग म्हणाला, “ब्रेक तूच लाव. तुझ्या हातावर माझा विश्वास आहे. तोंडावर नाही.” आणि आत गेला.

मालकांना मी सकाळी स्वतः जाऊन सांगितलं, वही पुढे ठेवून. त्यांनी ती ओळ वाचली, चष्मा काढला, मला म्हणाले, “तुम्हाला काढलं तर तो गाडीत बसणार नाही, नाहीतर...” वाक्य पुरं केलं नाही. त्याच दिवशी तिला फोन गेला. मी जाड पेनानं वहीतली ती ओळ खोडली आणि खाली खरं कारण लिहिलं, आकृती काढून. आकृती वाईट आली. तिनं ती तशीच ठेवली.

शेवटच्या शर्यतीला पॅड मी रुळवून घेतले होते, डिस्कवर थर आरशासारखा बसला होता. धाकटा गाडीत बसला. मी दाराशी गुडघे टेकले, सवयीनं. त्यानं डोळे मिटले, तीनदा दाबलं.

“लोणी,” तो म्हणाला. तिला. आमचा शब्द, आणि तिला.

तिनं माझ्याकडे बघितलं. “ताई, लोणी म्हणतोय.”

“ऐकलं मी,” मी म्हटलं. भिंतीशी जाऊन हेडसेट लावला.

शर्यतीआधीच्या हळू फेरीत त्याचा आवाज आला. “नवं बेअरिंग आहे. टिचकी एक की दोन?” नाव घेतलं नाही त्यानं. कुणाला विचारलं, कळेना. भावजयीनं वहीकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती.

“दोन,” मी म्हटलं. “हलक्या. कर्ब झाल्यावर लगेच नको, सरळ रस्ता संपताना.”

हेडसेटमध्ये नुसता इंजिनाचा आवाज.

मग तो म्हणाला, “तिला विचार, बरोबर आहे का.”

मी तिच्याकडे वळले. तिला माहीत असायचं कारण नव्हतं. ते बेअरिंग मी आदल्याच दिवशी बसवलं होतं. तरी विचारलं. “बरोबर आहे का, विचारतोय.”

“बरोबर आहे,” ती त्याला म्हणाली.

शर्यत सुटली तशी मी पडद्याकडे बघत राहिले. चौथ्या वळणाचा कर्ब गेला, सरळ रस्ता आला, रेघ सपाट चालली होती. रस्ता संपता संपता दोन बारीक टेकाडं उमटली, एकापाठोपाठ एक, मी सांगितली होती तितकीच हलकी. त्याचा पाय माझंच ऐकत होता. तिला विचारून.